दुसऱ्या खोलीतला दूरचित्रवाणी संच : आधी भिंत, मग यंत्र

दूरचित्रवाणीची जोडणी बहुधा घरातील एकाच खोलीत येते. छपरावरील डिशची किंवा केबलवाल्याची तार दिवाणखान्यातील सेट-टॉप बॉक्सपाशी संपते आणि मोठा संचही तेथेच असतो. पाहणारी माणसे मात्र एका खोलीत मावत नाहीत. आतल्या खोलीत अंथरुणावरून उठू न शकणारी वयोवृद्ध व्यक्ती असते, वरच्या मजल्यावर अभ्यास आटोपून सामना पाहू इच्छिणारी मुले असतात, स्वयंपाकघरात हाताला काम आणि कानाला बातम्या हव्या असतात. अशा वेळी दुसऱ्या खोलीपर्यंत तार ओढायची म्हटली, तर गोव्यातील जुन्या घरांत चिऱ्याच्या जाड भिंतीला भोक पाडावे लागते. भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकाची परवानगी लागते. साहजिकच बिनतारी साधनांकडे लक्ष वळते.

बाजारात अशी साधने पुष्कळ आहेत आणि त्यांच्या खोक्यांवर ३० मीटर, ५० मीटर असे आकडेही ठळकपणे छापलेले असतात. हे आकडे बहुधा मोकळ्या जागेतील असतात. काही हजार रुपये खर्चून आणलेला संच दुसऱ्या भिंतीपाशीच अडखळू लागला, की दोष यंत्राला दिला जातो. प्रत्यक्षात निर्णय भिंतीने केलेला असतो. म्हणून यंत्र निवडण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : दुसऱ्या खोलीत नेमके काय पाहायचे आहे, मधल्या भिंती कोणत्या आहेत आणि रिमोट कोणाच्या हातात राहणार आहे.

एकच चित्र की वेगळा कार्यक्रम?

दिवाणखान्यात जे चालले आहे तेच आत दिसावे, की आत स्वतंत्र वाहिनी लावता यावी, हा पहिला प्रश्न आहे. सेट-टॉप बॉक्स एका वेळी साधारणपणे एकच वाहिनी उलगडून बाहेर देतो. त्याचे चित्र बिनतारी मार्गाने कितीही खोल्यांत पोहोचवले, तरी सर्वत्र तीच वाहिनी दिसणार. आतल्या खोलीतून रिमोटने वाहिनी बदलली, तर दिवाणखान्यातलीही बदलणार.

ज्या घरात एका वेळी एकाच ठिकाणी पाहिले जाते, तेथे ही अडचण जाणवत नाही. पण संध्याकाळी बाहेर बातम्या आणि आत मालिका, अशी जेथे रोजची ओढाताण आहे, तेथे बिनतारी प्रसारणाचा उपाय मुळातच चुकीचा ठरतो. तेथे दुसरा सेट-टॉप बॉक्स किंवा इंटरनेटवरून चालणारे अॅप हाच मार्ग योग्य आहे. या पर्यायांचा विचार पुढे केला आहे.

चित्राचे ओझे

बिनतारी मार्गाने आवाज पाठवणे सोपे आहे, चित्र पाठवणे अवघड. पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एका चौकटीत २० लाख ७३ हजार ६०० बिंदू. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात आणि सेकंदाला ६० चौकटी दाखवायच्या असतील, तर दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट वाहून न्यावे लागतात. फोर-के चित्रासाठी हाच आकडा चौपट, म्हणजे सुमारे १२०० कोटींवर जातो. एचडीएमआय तारेतून हे ओझे निमूटपणे वाहिले जाते. हवेतून ते नेण्यास फार रुंद वाट लागते.

या ओझ्यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे चित्राचे संकोचन. लागोपाठच्या चौकटींत जे बदलले तेवढेच पाठवायचे, या तत्त्वावर एचडी चित्र सेकंदाला ५० लाख ते एक कोटी बिटमध्ये बसवता येते. उपग्रहावरून आणि इंटरनेटवरून येणारे चित्र असेच आवळून पाठवलेले असते. यात ओझे शेकडो पटींनी घटते, पण चित्र आवळण्यास आणि पुन्हा उलगडण्यास वेळ लागतो. दुसरा उपाय म्हणजे अतिउच्च कंप्रतेच्या लहरी वापरून रुंद वाट मिळवणे. या लहरींची गाठ मात्र भिंतीशी पडते.

लहर आणि भिंत

घरगुती बिनतारी साधने प्रामुख्याने तीन पट्ट्यांत काम करतात : २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झ आणि ६० गिगाहर्ट्झ. त्यांची तरंगलांबी अनुक्रमे सुमारे साडेबारा सेंटिमीटर, पाच ते सहा सेंटिमीटर आणि पाच मिलिमीटर इतकी असते. ढोबळ नियम असा, की कंप्रता जितकी वाढेल तितकी अधिक माहिती मावते आणि तितकीच भिंत अधिक अडवते. ६० गिगाहर्ट्झची लहर खोलीच्या आत पाहिजे तेवढे चित्र नेते, पण बंद दार किंवा मध्ये उभा राहिलेला माणूसही तिला अडवू शकतो. ५ गिगाहर्ट्झची लहर एखादी भिंत बऱ्यापैकी ओलांडते. २.४ गिगाहर्ट्झची लहर त्याहून पुढे जाते, पण या पट्ट्यात गर्दी फार.

भिंतीपलीकडे बिनतारी लहर पाठवण्याचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. बोस यांच्या संशोधनात पाच मिलिमीटर तरंगलांबीपर्यंतच्या लहरींचाही समावेश होता, म्हणजे आजच्या ६० गिगाहर्ट्झ साधनांच्याच जातीच्या. पण घंटा वाजवण्यास लहरीचा एक क्षीण धक्का पुरतो. चित्राला दर सेकंदाला कोट्यवधी बिट, तेही अखंड लागतात. लहर भिंतीपलीकडे पोहोचणे आणि पुरेशी माहिती घेऊन पोहोचणे, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. फोनवर पलीकडच्या खोलीत वाय-फायच्या दोन रेघा दिसतात म्हणून तेथे चित्रही चालेल, असा निष्कर्ष त्यामुळेच काढता येत नाही.

गोव्यातील घरांच्या बाबतीत भिंतीचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो. फ्लॅटमधील विटांची पातळ आडभिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला फारशी जड जात नाही. चिऱ्याची भिंत जाड असते आणि चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो. पाणी या लहरी शोषून घेते. जूनपासून भिंतींना ओल चढली, की मे महिन्यात सुरळीत चालणारे साधन जुलैमध्ये अडखळू शकते. मजल्यामजल्यामधील काँक्रीटच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते, तीही लहरीला अडवते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, मासे ठेवण्याची काचपेटी आणि पत्र्याचे छप्पर हेदेखील असेच अडथळे होत.

लहर भिंतीवर शक्यतो सरळ पडावी. तिरपी पडल्यास तिचा अधिक भाग परावर्तित होतो आणि भिंतीच्या आतील प्रवासही लांबतो. दोन्ही खोल्यांची दारे समोरासमोर असतील, तर लहर भिंतीऐवजी दारातून जाईल अशा बेताने यंत्रे मांडावीत. अनेक घरांत पेटी फूटभर सरकवल्याने जे साधते, ते अधिक महागड्या यंत्रानेही साधत नाही.

जुनी अॅनालॉग साधने

पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या खुंट्यांच्या तारा ज्यांना जोडाव्या लागतात, अशी ‘एव्ही सेंडर’ या नावाची साधने आजही काही घरांत आहेत. सेट-टॉप बॉक्सला जोडलेला ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झवर चित्र आणि आवाज प्रसारित करतो आणि दुसऱ्या खोलीतील रिसीव्हर ते पकडतो. बहुतेक संचांत चार चॅनेलची निवड असते. यातून मिळणारे चित्र जास्तीत जास्त जुन्या पाल पद्धतीच्या दर्जाचे, म्हणजे ५७६ रेषांचे असते. मोठ्या एचडी पडद्यावर ते धूसर दिसते.

या साधनांचे दोन दोष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्यातून निसटणारी अल्पशी ऊर्जादेखील चित्रावर आडवे पट्टे उमटवण्यास पुरेशी ठरते. घरातील वाय-फाय, ब्लूटूथ आणि शेजाऱ्याचा राउटर यांचीही त्याच पट्ट्यात वर्दळ असते. दुसरा दोष खासगीपणाचा आहे. अॅनालॉग प्रसारणाला कुलूप नसते. त्याच चॅनेलवरचा रिसीव्हर जवळपास असलेल्या कोणालाही ते चित्र दाखवतो. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमाबाबत याचे फारसे बिघडत नाही. पण तेच साधन कॅमेऱ्याला जोडून बाळावर किंवा रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी वापरले, तर घराच्या आतले दृश्य शेजारी पोहोचू शकते. अशा कामासाठी अॅनालॉग साधन वापरू नये.

बिनतारी एचडीएमआय संच

आज या कामासाठी सर्वसाधारणपणे विकला जातो तो बिनतारी एचडीएमआय संच. त्यातील एक पेटी सेट-टॉप बॉक्सला आणि दुसरी आतल्या संचाला जोडायची असते. बहुतेक संच ५ गिगाहर्ट्झवर चालतात आणि चित्र आवळून पाठवतात. २००८ च्या सुमारास ‘वायरलेसएचडी’ हे ६० गिगाहर्ट्झचे मानक आले. त्याची झेप एका खोलीपुरती, साधारण दहा मीटरची होती. भिंतीपलीकडे जायचे असेल, तर ५ गिगाहर्ट्झचाच संच हवा.

खरेदी करताना एक बाब हमखास नजरेतून सुटते. सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआयचे एकच तोंड असते आणि ते दिवाणखान्यातील संचाने व्यापलेले असते. ट्रान्समीटरला आत येणारी आणि पुढे जाणारी अशी दोन तोंडे असतील, तर दिवाणखान्यातील चित्र अबाधित राहते. नसतील, तर वेगळा स्प्लिटर घ्यावा लागतो. शिवाय एचडीएमआयवरून जाणाऱ्या चित्राला एचडीसीपी नावाचे नक्कलविरोधी कुलूप असते. साखळीतील एखादी पेटी ते कुलूप ओळखत नसेल, तर जोडणी बिनचूक असूनही पडदा काळा राहतो. संच ही पद्धत मानतो की नाही, हे दुकानातच विचारून घ्यावे.

घरातील वाय-फायचा मार्ग

अनेक घरांत निराळे यंत्र घेण्याची गरजही नसते. ‘मिराकास्ट’ ही पद्धत २०१२ पासून प्रचारात आली. तिच्यात फोनचा किंवा संगणकाचा पडदा थेट दूरचित्रवाणी संचावर उमटतो आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. ती सर्व फोनवर चालत नाही. अॅपलच्या फोनना ‘एअरप्ले’ ही स्वतःची पद्धत आहे. २०१३ मध्ये आलेल्या ‘क्रोमकास्ट’ची रीत वेगळी. तिच्यात फोन केवळ निरोप देतो आणि चित्र दूरचित्रवाणीला जोडलेले यंत्र स्वतःच इंटरनेटवरून आणते, त्यामुळे फोनची बॅटरी फारशी खर्च होत नाही. काही सशुल्क अॅप पडद्याची नक्कल करू देत नाहीत, पण ‘कास्ट’ची परवानगी देतात. म्हणून दोन्ही पर्याय तपासून पाहावेत.

स्मार्ट टीव्ही असेल, तर अनेक वाहिन्या अॅपमधूनच थेट पाहता येतात. प्रसार भारतीचे ‘वेव्ह्ज’ हे अॅप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातच, इफ्फीच्या उद्घाटन सोहळ्यात सुरू झाले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या उपलब्ध आहेत. या मार्गात दिवाणखान्यातील सेट-टॉप बॉक्सचा संबंधच उरत नाही. प्रत्येक खोलीत निराळा कार्यक्रम पाहता येतो. पण ब्रॉडबँड बंद पडले, की दूरचित्रवाणीही बंद पडते.

विलंब : गोल आधी कुठे दिसतो?

चित्र आवळून उलगडण्यात जाणाऱ्या वेळाचा परिणाम फुटबॉलप्रेमी घरांत लगेच जाणवतो. बिनतारी एचडीएमआय संचात हा विलंब सेकंदाच्या काही अंशांचा असतो. अॅपवरील थेट प्रसारण मात्र काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असू शकते. दिवाणखान्यात डिशवर आणि आत अॅपवर एकच सामना चालू असेल, तर आतल्या प्रेक्षकाला गोल दिसण्यापूर्वी बाहेरचा जल्लोष ऐकू येतो. मालिका किंवा चित्रपट पाहताना या विलंबाने काही बिघडत नाही. व्हिडिओ गेमसाठी मात्र अंशभराचा विलंबही त्रासदायक ठरतो.

रिमोट भिंतीपलीकडे जात नाही

आतल्या खोलीत चित्र पोहोचले, तरी वाहिनी बदलण्यास कोणी ना कोणी बाहेर जावे लागते, हा अनुभव अनेकांना यंत्र घरी आणल्यावर येतो. साधा रिमोट अवरक्त प्रकाशावर चालतो. तो प्रकाशच असल्याने भिंत ओलांडू शकत नाही. चांगल्या बिनतारी संचात यावर उपाय दिलेला असतो. आतला रिसीव्हर रिमोटचा प्रकाश टिपतो, त्याचे रेडिओ लहरींत रूपांतर करून उलट दिशेने पाठवतो आणि बाहेरची पेटी तो पुन्हा अवरक्त प्रकाशात बदलते. त्यासाठी एका बारीक तारेच्या टोकाला छोटासा दिवा असतो. तो सेट-टॉप बॉक्सच्या रिमोट टिपणाऱ्या काचेसमोर चिकटवावा लागतो. ज्यांचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना हा उपाय लागू पडत नाही.

खाटेवरून उठू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी ही सोय चित्राइतकीच महत्त्वाची आहे. दुसऱ्याने लावून दिलेलीच वाहिनी दिवसभर पाहावी लागणे आणि स्वतःच्या हाताने ती बदलता येणे, यात त्या व्यक्तीच्या दृष्टीने मोठा फरक असतो. संच घेताना रिमोटची ही उलट वाट आहे की नाही, हे म्हणूनच आधी पाहावे.

परवाना आणि नियम

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमधील वापरही तेव्हा मर्यादित स्वरूपात खुला झाला होता आणि २०१८ मध्ये त्याची व्याप्ती बरीच वाढवण्यात आली. या पट्ट्यांत चालणाऱ्या घरगुती साधनासाठी ग्राहकाला परवाना काढावा लागत नाही. परदेशी संकेतस्थळांवरून मागवल्या जाणाऱ्या काही अॅनालॉग संचांची कंप्रता मात्र १.२ गिगाहर्ट्झ असते. हा पट्टा परवानामुक्त नाही आणि विमान व उपग्रह दिशादर्शनाच्या सेवा त्याच्या आसपास चालतात. असे यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. दूरचित्रवाणीची वर्गणीही घरापुरती असते. तिचे चित्र शेजारच्या घरात पोहोचवणे करारात बसत नाही.

तार अजूनही उपयोगाची

जेथे तार नेणे शक्य आहे, तेथे तीच अधिक भरवशाची. साधी एचडीएमआय तार दहा-पंधरा मीटरपर्यंत एचडी चित्र नेते. त्यापुढे संगणकाच्या जाळ्यासाठी वापरली जाणारी कॅट-६ तार आणि दोन टोकांना एचडीबेसटीच्या पेट्या लावून चित्र १०० मीटरपर्यंत नेता येते. कौलारू घरात ही तार भिंत न फोडता माळ्यावरून जाऊ शकते.

स्वतंत्र वाहिन्या हव्या असतील, तर दुसऱ्या जोडणीचा खर्च विचारून पाहावा. २०२० च्या दुरुस्तीनुसार ट्रायने एकाच घरातील दुसऱ्या व पुढील संचांसाठीच्या नेटवर्क शुल्कावर पहिल्या संचाच्या ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये नेटवर्क शुल्क ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना देण्यात आली, म्हणून आजचा दर आपल्या सेवादात्याकडूनच जाणून घ्यावा. दूरदर्शनच्या फ्री डिशला मासिक शुल्क नाही. तेथे दुसरा बॉक्स घेऊन दोन तोंडांचा एलएनबी बसवल्यास दोन्ही खोल्यांत वेगळी वाहिनी लागते. एकच तार साध्या स्प्लिटरने दुभागून हे काम नीट होत नाही. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवून लहरींची उभी अथवा आडवी दिशा निवडतो आणि दोन बॉक्सनी एकाच वेळी वेगवेगळी निवड केली, की एकाची वाहिनी अडते.

खरेदीपूर्वीची चाचणी

आपल्या घराच्या भिंती काय म्हणतात, हे एक रुपयाही खर्च न करता समजू शकते. त्यासाठी ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट देऊ शकणारा फोन दिवाणखान्यातील संचाजवळ, यंत्र ठेवायचे त्याच जागी ठेवावा. दुसरा फोन त्याला जोडून आतल्या खोलीत, जेथे रिसीव्हर येणार तेथे न्यावा. सिग्नल मोजणारे एखादे मोफत अॅप त्यावर उघडावे. आकडा उणे ६५ च्या आसपास किंवा त्याहून शून्याकडे असेल, तर चित्र नीट चालण्याची शक्यता चांगली. तो उणे ८० कडे झुकला, तर बिनतारी संचावर पैसे घालू नयेत.

हीच चाचणी दारे लावून आणि संध्याकाळी शेजाऱ्यांचे राउटर चालू असताना पुन्हा करावी. साधन २.४ गिगाहर्ट्झचे असेल, तर मायक्रोवेव्ह ओव्हन चालवूनही पाहावे. उन्हाळ्यात चाचणी केली असल्यास पावसाळ्यातील ओलीसाठी थोडी सवड धरावी, आणि आकडा काठावर असेल तर परत करण्याची मुभा देणाऱ्या दुकानातूनच यंत्र घ्यावे. यंत्र बसल्यावरही एक काळजी घ्यावी. विजा चमकत असताना दोन्ही टोकांचे अॅडॅप्टर आणि डिशची तार काढून ठेवावी. दोन खोल्यांमध्ये तार नसली, तरी विजेच्या बोर्डावरून आणि छपरावरून येणारा धोका कायम असतो.

एकाच कार्यक्रमाची गरज, मधे एखादी पातळ भिंत आणि रिमोटची उलट वाट असलेला संच, हा मेळ जुळल्यास बिनतारी एचडीएमआय उत्तम काम देते. स्वतंत्र कार्यक्रम हवे असतील, तर दुसरा बॉक्स किंवा अॅप घ्यावे. भिंत दाद देत नसेल, तर माळ्यावरून एक तार न्यावी.